पंचगंगेची पातळी: मोबाइलवर की मांजरपाटावर?

डिझाइनच्या पदव्युत्तर शेवटच्या वर्षाला पर्यावरणाचा विषय घेतला की हा फाटा लागतोच. आकडे मोबाइलवर हलतेबोलते करायचे, की मांजरपाटावर, म्हणजे कोऱ्या सुती कापडावर, छापून भिंतीला टांगायचे? मी दोन्ही करून बसलोय. विषय पंचगंगेचा पूर. आकडे तेच, रंगही तेच. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर कसं चालवायचं, कुठला आलेख कशाला शोभतो, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

आधी मोबाइल. जुलै-ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीवर नदीची पातळी दिवसातून कितीदा तरी बदलते. त्या दिवसांत कोल्हापुरात कुणालाही 'किती झालं?' एवढंच विचारा, उत्तर फूट-इंचात येतं, आणि राधानगरी धरणाचे दरवाजे उघडलेत का तेही सोबत येतं. एवढं ताजं कापडावर कोण छापणार? नोकरीच्या अर्जाला लिंक जोडता येते, तेही सोयीचं. परीक्षकांना माझं मोबाइलचंच काम जास्त आवडलं, हे लपवत नाही.

मराठी अक्षरांच्या बाबतीतही मोबाइल सरस. छपाईच्या दुकानात माझी फाइल उघडली तर 'प्रयाग चिखली'ची वेलांटी 'च'च्या पुढं जाऊन बसलेली. म्हणजे जिथं नद्यांचा संगम, तिथंच अक्षरं फुटलेली. फाइल देण्याआधी सगळा मजकूर कर्व्ह करून घ्या, म्हणजे अक्षरांचे आकार करून टाका. दुकानदार 'असू दे, इथं बघतो' म्हणाला तरी.

आता माझं जिथं बिनसलं ते सांगतो. मोबाइलवरच्या आलेखात २०१९च्या पुराच्या खांबावर बोट ठेवलं की आकडा उमटायचा. लॅपटॉपवर झकास दिसत होतं. एका दुपारी पंचगंगा घाटावर एका आजोबांच्या हातात फोन दिला. त्यांनी अंगठा ठेवला. आकडा आला, पण अंगठ्याखाली. अंगठा उचलला, आकडा गेला. असं तीनदा झालं. मग उन्हात फोन तिरका करून बघितला आणि माझ्या हातात परत देत म्हणाले, "तूच सांग की रं."

घरी येऊन आकडा वर एका चौकटीत नेला. अंगठ्याचा प्रश्न मिटला, पण २०१९ आणि २०२१ एकदम दिसेनात. एकावर बोट ठेवलं की दुसरा गप्प. दोघांना मिळून बघायचं तर डोकी एकमेकांवर आपटायची. कदाचित माझीच मांडणी कच्ची असेल. हुशार माणूस यातून वाट काढेलही. पण माणसानं हात लावेपर्यंत आकडा झाकलेला ठेवायचा, ही कल्पनाच तेव्हापासून माझ्या मनातून उतरली.

कापडाची पट्टी अगदी साधी केली. एक फूट पाण्याला एक इंच कापड. ३९ला इशारा पातळीची रेघ, ४३ला धोका पातळीची, ५५च्या वर २०१९ आणि ५६च्या वर २०२१. इथल्या माणसाला फूट-इंच शिकवावे लागत नाहीत, त्यामुळे खुणांची वेगळी सूची लागलीच नाही. पट्टीशेजारी उभा राहिलो की धोक्याची रेघ माझ्या बेंबीच्या जरा वर येते आणि २०२१ची खांद्याशी. गल्लीतल्या तालमीत टांगली तेव्हा एका मावशींनी नातवाला पट्टीला टेकवून उभं केलं. पोराचं टाळकं बरोबर ४३ला लागलं. मावशी काही बोलल्या नाहीत, पोराला जवळ घेतलं. मग मागचे चौघे बोलायला लागले, कुणाच्या कितव्या पायरीला पाणी लागलं होतं ते.

यात एक खोट आहे, आणि ती लहान नाही. एकानं खांद्याला हात लावून 'आमच्या घरात एवढं आलं होतं' असं ठोकून दिलं. बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीचा आकडा म्हणजे तुमच्या उंबऱ्यावरचं पाणी नव्हे. शेवटी तसं पट्टीच्या तळाशी ठळक छापावं लागलं. मोबाइलवर पेठ निवडायची सोय देऊन हे जास्त नीट समजावता येतं, ते कबूल.

फ्लेक्स स्वस्त पडतो, पण तो पीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा. पर्यावरणाचा प्रकल्प त्यावर छापला तर पहिला प्रश्न त्यावरच येणार. मी इचलकरंजीचा कोरा, न धुतलेला मांजरपाट घेतला. कापड धुण्या-रंगवण्याच्या सांडपाण्याचं दुखणं याच नदीचं, तेव्हा पांढरंशुभ्र कापड नको वाटलं. स्क्रीन प्रिंटिंगला पाण्यातली शाई मागा. प्लास्टिसोल नावाची शाई म्हणजे पुन्हा पीव्हीसीच. इशाऱ्याला नि धोक्याला हिरवा-लाल टाळा, बऱ्याच पुरुषांना तो फरक दिसत नाही. निळा-नारिंगी चालतो.

रोज बदलणारी पातळी, पाऊस, धरणाचा विसर्ग असा तुमचा विषय असेल तर मोबाइलच घ्या, मी आडवा येणार नाही. होऊन गेलेलं माणसांच्या डोळ्यांसमोर ठेवायचं असेल आणि वेळ एकाच कामापुरता असेल, तर मी पुन्हा कापडच घेईन. फक्त टांगताना तळ जमिनीला टेकलाय ना, ते बघा. माझी पट्टी पहिल्या दिवशी चार इंच वर टांगली गेली होती, आणि संध्याकाळी कुणाच्या तरी लक्षात येईपर्यंत दोन्ही पूर चार-चार फुटांनी वाढले होते.