मेव्हन कुठे टाकायचं: विंडोज, उबुंटू की मॅक?

बहिणीचा मुलगा नागपुरातच इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. जावातला प्रोजेक्ट, तो बिल्ड करायला मेव्हन (लागणाऱ्या लायब्ररी उतरवून कोडचा चालणारा प्रोग्रॅम बांधणारं साधन), गटात चौघं, तिघांकडे विंडोज आणि एकाकडे मॅक. रविवारी तर्री-पोहे खाता खाता म्हणाला, "मामा, सगळे म्हणतात उबुंटूवर मेव्हन एका ओळीत होऊन जाते. लॅपटॉप फॉरमॅट मारू का?"

उबुंटू या लिनक्स सिस्टिमवर ते एका ओळीत होतं, हे खरं. 'सुडो एपीटी इन्स्टॉल मेव्हन' लिहिलं की काम झालं. पण त्या ओळीतून येणारं मेव्हन जुनं असतं: उबुंटू २२.०४ वर ३.६.३, २४.०४ वर ३.८.७. कॉलेजच्या प्रोजेक्टला तेवढं बहुतेक पुरतं. एखाद्या प्लगइननं ३.९ मागितलं की अडतं. मग एसडीकेमॅन हे आवृत्त्या सांभाळणारं साधन वापरा, हवी ती आवृत्ती मिळते. जेडीके (जावात प्रोग्रॅम लिहायचा पूर्ण संच) मात्र आठवणीनं टाका. नुसत्या जेआरईत, म्हणजे जावा फक्त चालवणाऱ्या भागात, कंपाइलर नसतो.

मॅकवर होमब्रू हे सॉफ्टवेअर टाकायचं साधन घेऊन 'ब्रू इन्स्टॉल मेव्हन', आणि आवृत्ती ताजी. गोम एकच: होमब्रू स्वतःचं जेडीके (ओपनजेडीके) सोबत आणतं. जावा-होम (जेडीके कुठे आहे ते सांगणारी सेटिंग) ठरवून दिलं नसेल तर मेव्हन तेच वापरतं, आणि तुम्ही समजत असता की आपलं जावा १७ चालू आहे. आवृत्ती दाखवणाऱ्या 'एमव्हीएन -व्ही' च्या उत्तरात जावाची ओळही वाचत जा.

खरी कटकट विंडोजवर. मेव्हनचा अधिकृत इन्स्टॉलर नाही. झिप उतरवायची, उघडायची, आतल्या बिन फोल्डरचा पत्ता पाथमध्ये (कमांड जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांची यादी) घालायचा. इथे पोरं नेमकी उलटापालट करतात. जावा-होममध्ये जेडीकेचं मूळ फोल्डर लागतं, तिथे बिन जोडतात. पाथमध्ये बिन लागतं, तिथे विसरतात. शिवाय जुनी कमांड विंडो बंद करून नवी उघडली नाही तर बदल दिसतच नाही. आणि पाथ 'सेटएक्स'नं बदलू नका. ती कमांड १०२४ अक्षरांनंतरचं कापून टाकते, म्हणजे मेव्हन येतं आणि दुसरंच काहीतरी गायब होतं. सेटिंगच्या खिडकीतून करा. चॉकलेटी किंवा स्कूप या सॉफ्टवेअर टाकून देणाऱ्या साधनांनी हे हातकाम वाचतं.

विंडोजच्या पोटात उबुंटू चालवायचं, म्हणजे डब्ल्यूएसएल, हा मधला रस्ता मला आवडतो, पण ८ जीबी रॅमवर आयडीईसकट (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) ते धापा टाकतं. प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर ठेवून आतून बिल्ड केला तर आणखी हळू. आणि उतरवलेल्या लायब्ररी मेव्हन जिथे ठेवतं ती दोन्हीकडची डॉट-एम-टू फोल्डरं वेगळी, म्हणजे त्याच जार फाइली पुन्हा उतरणार. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर डेटाचा हिशोब आधी करा.

भाच्याला म्हटलं, फॉरमॅट कशाला मारतोस? चौघांपैकी एकानं मेव्हन टाकून प्रोजेक्टमध्ये रॅपर तयार करायचा आणि तो गिटमध्ये, म्हणजे गटाच्या सामायिक कोडमध्ये, चढवायचा. बाकीच्यांनी फक्त जेडीके टाकायचं. रॅपरची 'एमव्हीएनडब्ल्यू' ही स्क्रिप्ट मेव्हनची ठरलेली आवृत्ती स्वतःच उतरवते, विंडोजसाठी तिची सीएमडी फाइल असते. मॅकवाल्याला 'परमिशन डिनाइड' आलं तर 'सीएचमॉड'नं चालवायची परवानगी द्यायची.

फॉरमॅट टळला. जावा-होममध्ये बिन मात्र त्यानंही घातलंच होतं.