भाजीबागेचं ठिबकवालं किट: ८ महिने वापरून झाल्यावर

८ महिने झाले म्हणून आता लिहितोय. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते, चौथ्या महिन्यात लिहिलं असतं तर शिव्याच घातल्या असत्या. आता डोकं जरा थंड झालंय.

किटमध्ये आलेलं सामान असं: १२ बाय १२ इंचाच्या आठ ग्रो बॅगा (झाडं लावायच्या पिशव्या), ९ बाय ९ च्या चार, कोकोपीटच्या (म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा) ५ किलोवाल्या तीन विटा, गांडूळखत, बियांची पाकिटं, नीम तेलाची बाटली आणि ज्याच्यासाठी मी खरं तर हे सगळं घेतलं तो टायमरवाला ठिबक सेट. म्हणजे मनात हिशोब असा होता की एकदा लावून टाकायचं, पाणी आपोआप, आणि आपण फक्त टोपली घेऊन गच्चीवर जायचं. हसू नका.

आधी कोकोपीटबद्दल, कारण निम्मा घोळ तिथेच झाला. वीट पाण्यात टाकली की फुगून चांगली ६०-७० लिटर होते, हाताला मऊ, वजनाला हलकी, मग मी म्हटलं माती कशाला उगाच गच्चीवर चढवायची, तीन विटांतच बहुतेक सगळ्या बॅगा भरल्या आणि वरून खताची चार मुठी. रोपं पहिला महिनाभर मस्त वाढली. दीड महिन्यानंतर टोमॅटोची खालची पानं पिवळी, मग त्याच्या वरची, मग वांग्याची पण. मला वाटलं पाणी कमी पडतंय, टायमर वाढवला, आणखी पिवळी. कोकोपीटमध्ये झाडाला खायला जवळजवळ काहीच नसतं, ते फक्त पाणी धरून ठेवतं, आणि जुनी पानं आधी पिवळी पडली की बहुतेक वेळा नत्र कमी पडलेलं असतं, हे मला तेव्हा कुठे माहीत. नंतर सगळ्या बॅगा अर्ध्या रिकाम्या करून माती, खत आणि कोकोपीट साधारण सारख्या भागात घातलं, आता दर १५ दिवसांनी बॅगेमागे दोन मुठी गांडूळखत टाकतो. आणि हो, वीट भिजवल्यावर पहिलं तपकिरी पाणी फेकून द्या, दोनतीनदा धुवा, कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात. हे पाकिटावर लिहिलेलं होतं, बारीक अक्षरात, मी वाचलं नाही.

आता टायमर. वस्तू म्हणून वाईट नाही, ८ महिन्यांत एकदा बॅटरी संपली आणि दोन ड्रिपर चोंदले, टाचणीने मोकळे झाले. पण टायमरला आज ऊन आहे का ढग हे कळत नाही ना! कडक उन्हात १२ इंची बॅग दुपारपर्यंत कोरडी ठणठणीत, आणि ढगाळ दिवशी तीच बॅग चिखल. कोकोपीट तर अजून फसवं, वरून कोरडं भुरभुरीत दिसतं आणि दोन बोटं आत घातली की ओलं गच्च. या कोरडं-ओलं-कोरडं प्रकरणात टोमॅटोची पहिली १४ फळं गेली. फळ वरून छान, गोल, लालसर व्हायला लागलेलं, आणि उलटं करून बघितलं की बुडाला काळा, चामड्यासारखा चपटा डाग. मी कीड समजून फवारे मारत बसलो, मग कुणीतरी कॅल्शियम कमी म्हणालं म्हणून त्याचा फवारा आणला. बरोबर आहे, फळाला कॅल्शियम पोचत नाही म्हणूनच ते होतं, पण पोचत नाही त्याचं कारण पाणी अनियमित, कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं. टायमर बंद केला, सकाळी बोट घालून बघून हाताने पाणी द्यायला लागलो, वर वाळक्या पानांचा थर टाकला, पुढच्या घडांना डाग नाही. म्हणजे ज्या वस्तूसाठी किट घेतलं ती आता ड्रॉवरमध्ये आहे, चार दिवस बाहेर जायचं असलं की तेवढी काढतो.

नीम तेलाची गोष्ट माझ्याच मूर्खपणाची आहे. लिटरला ५ मिली, एवढं वाचलं. साबणाचे थेंब घालायचे हे नाही वाचलं. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं, त्यामुळे फवाऱ्यातून आधी सगळं साधं पाणीच आलं आणि तळाशी आल्यावर निव्वळ तेल, ते सगळं शेवटच्या काकडीच्या वेलावर. वर भर दुपारी. दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी. आता संध्याकाळी उन्हं उतरल्यावर, आधी थोड्या कोमट पाण्यात साबण आणि तेल घुसळून, मग बाकीचं पाणी, आणि पानांच्या खालच्या बाजूने, कारण ही सगळी किडीची मंडळी खालीच लपतात. मिरचीवर फुलकिडे आले होते (पानं वरच्या बाजूला वळून होडीसारखी होतात, तो चुरडा-मुरडा), त्यावर आठवड्याला एक फवारा असं महिनाभर केल्यावर नवी पानं सरळ आली. भेंडीवर मात्र काही चाललं नाही. पानांच्या शिरा पिवळ्याधमक, आई बघून म्हणाली, "अरे, हा हळद्या, उपटून टाक." मी आठवडाभर ऐकलं नाही, तोवर शेजारची दोन झाडं पण तशीच. तो विषाणू आहे, पांढरी माशी पसरवते, झाडाला एकदा झाला की औषध नाही. पिवळे चिकट कागद आधीच टांगायला हवे होते, किटमध्ये ते नव्हते, एक स्टार त्यासाठी कापतोय.

आणि हे सांगायलाच पाहिजे. चवळीवर मावा आलेला, काळा, शेंड्याला नुसता लगडलेला, मुंग्यांची वर-खाली रांग (मावा जो गोड चिकट रस सोडतो त्यासाठी त्या येतात, उलट त्याला राखतात). त्या माव्यात काळ्या रंगाच्या, नारिंगी ठिपक्यांच्या, छोट्या मगरीसारख्या काटेरी अळ्या फिरताना दिसल्या. भयंकर दिसतात. मी रोज सकाळी चिमटीत धरून एकेक चिरडत होतो, चांगल्या वीसेक मारल्या असतील. मग एक दिवस एक अळी जवळून बघत होतो तर ती मावा खात होती, चक्क एकामागून एक. फोटो शोधला तर लेडीबगची पिल्लं! म्हणजे फुकटात कामाला आलेली माणसं मी स्वतः संपवत होतो. त्यानंतर फवारा थांबवून फक्त पाण्याच्या जोराने मावा धुतला, आणि दहाबारा दिवसांत त्यांनीच बाकीचं साफ केलं.

वेलांचं सांगतो. दोडक्याला महिनाभर फुलंच फुलं आणि फळ एक नाही. आधी नर फुलं येतात आणि गळून जातात हे नॉर्मल आहे, मादी फुलाच्या मागे बोटभर दोडका आधीच असतो, त्यावरून ओळखायचं. ती पण आली, पण पिवळी पडून गळायची. मग मी हाताने परागीकरण करायचं ठरवलं, सकाळी सातला मऊ कुंचला घेऊन हजर, तर सगळी फुलं मिटलेली. असं तीन दिवस. आई शेवटी म्हणाली, "अरे, दोडका संध्याकाळी उमलतो, तू सकाळी त्याला कशाला उठवतोस." दोडका आणि दुधी संध्याकाळी, काकडी आणि कारलं सकाळी. संध्याकाळी सहाला नर फूल तोडून पाकळ्या काढून मादी फुलात फिरवलं, पाचातली चार धरली. एवढी एक गोष्ट कळण्यासाठी किट घेतलं असं म्हटलं तरी चालेल मला.

बाकी पटापट. मेथी सगळ्यात सोपी, तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर. कोथिंबीर धणे अख्खे टाकले तेव्हा विरळ आली, रगडून दोन भाग करून टाकल्यावर बरी, पण उन्हाळ्यात लगेच फुलावर जाते, तिथे हट्ट करू नका. भेंडी दोन दिवसांनी तोडलीच पाहिजे, एक रविवार विसरलो तर लाकूड. किटमधली टोमॅटोची बी संकरित होती, तिचं बी धरून पुन्हा लावलं तर प्रत्येक झाड वेगळं आलं, त्यातली दोन फळं सुपारीएवढीच राहिली. ९ इंची बॅगा पालेभाजीला ठीक, त्यात वांगं लावायला सांगणारा माहितीपत्रक लिहिणारा मला एकदा भेटायचाय.

बॅगांची शिवण दोघींची उसवली, दोन्ही भिंतीलगत दिवसभर उन्हात होत्या. बॅगा थेट जमिनीवर ठेवू नका, खाली विटा द्या, माझ्याकडे भोकं बंद होऊन मुळं कुजली एका मिरचीची आणि फरशीवर डाग पडला तो वेगळाच.

खर्च वसूल झाला का असं सगळे विचारतात. नाही. भाजी विकत घेतली असती तर खूप स्वस्त पडली असती, हिरव्या मिरच्या आणि पालेभाजी सोडून. पाचपैकी साडेतीन देतो, चिकट कागदांचा एक कापलेला आणि अर्धा बॅगांच्या आकारासाठी.

सध्या टोमॅटोच्या चार बॅगा रिकाम्या केल्यात, माती ताडपत्रीवर पसरून वाळत घातलीये, त्यात आता परत टोमॅटो, वांगं किंवा मिरची नाही, तिघांचे बरेचसे रोग सारखेच असतात, चवळी लावतोय. यावेळी मगरी दिसल्या तर हात लावणार नाही.