गिट ॲप्टने टाकू की सोर्समधून बिल्ड करू? आणि मॅन पेजचं काय?

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा हिशेब ठेवणारं टूल. उबंटू २४.०४ वर ॲप्टने, म्हणजे उबंटूच्या पॅकेज मॅनेजरने, गिट टाकलं की २.४३.० व्हर्जन मिळतं. बऱ्याच जणांना तेवढं पुरतं, खरंच पुरतं. नंबर जुना दिसतो म्हणून घाबरू नका, डिस्ट्रोवाले, म्हणजे इथे उबंटूचे लोक, सिक्युरिटीचे पॅच त्याच व्हर्जनवर आणून लावतात, पुढचा नंबर तोच राहतो पण आत दुरुस्ती झालेली असते. सोर्समधून, म्हणजे गिटचा कोड स्वतः कंपाइल करून, केलंत की हे सगळं तुमच्यावर, नवीन रिलीज आलं की परत सोर्स ओढा, परत मेक (बिल्ड करणारी कमांड) चालवा, कोणी आठवण करून देणार नाही.

मग सोर्स कधी? नवीन फीचर हवंय, गिटलाच पॅच पाठवायचाय, किंवा सर्व्हरवर रूट, म्हणजे ॲडमिनचे हक्क, नाहीये. शेवटच्या केसमध्ये तर सोर्सच घ्या, कारण काहीही न सांगता गिटचं मेकफाइल (मेकला काय करायचं ते सांगणारी फाइल) तुमच्या होममधल्या बिन फोल्डरमध्ये इन्स्टॉल करतं, सूडो लागतच नाही. फक्त झेडलिब, कर्ल, एक्सपॅट वगैरे लायब्ररींच्या डेव्ह फाइल्स (कंपाइल करताना लागणाऱ्या) मशीनवर आधीपासून हव्यात. कर्ल नसताना नो-कर्ल हे ऑप्शन लावून बिल्ड होतं पण मग एचटीटीपीएसवरून क्लोन करता येत नाही, म्हणजे अर्धं काम गेलंच.

प्रीफिक्सचं, म्हणजे गिट कुठल्या फोल्डरमध्ये बसणार त्याचं, मात्र आधीच ठरवा. तो पाथ बिल्डमध्येच भरला जातो, त्यामुळे नुसतं मेक करून नंतर इन्स्टॉलच्या वेळी वेगळा प्रीफिक्स दिला तर चालत नाही, दोन्ही वेळेला तोच द्यायचा. मी नेहमी होममध्ये गिटसाठी वेगळा फोल्डर करून तोच प्रीफिक्स देतो, कारण या मेकफाइलमध्ये अनइन्स्टॉल नाहीये, नको झालं की फोल्डर उडवला, संपलं. यूएसआर लोकल या सिस्टमच्या फोल्डरमध्ये टाकलं तर तिथे पसरलेल्या फाइल्स एकेक शोधत बसायला लागतं.

आता डॉक्स, ज्याच्याकडे लोक बघतच नाहीत आणि मला याचंच जास्त वाटतं. नुसत्या मेकने मॅन पेज, म्हणजे टर्मिनलमध्ये वाचायची मदतीची पानं, बनत नाहीत. बायनरी नवीन आणि गिट हेल्प केलं की उघडतं ॲप्टवालं जुनं पान, एरर नाही, वॉर्निंग नाही. उदाहरण सांगतो, गिट कॉन्फिग लिस्ट असं सुटसुटीत लिहायची सोय २.४६ मध्ये आली, ती २.४३ च्या पानावर कुठून असणार? नवीन शिकणारा मुलगा पान वाचून म्हणणार की असं काही नाहीच.

डॉक्सचे रस्ते तीन. पहिला म्हणजे ठरलेला, आस्कीडॉक आणि एक्सएमएलटूओ ही दोन टूल्स: आस्कीडॉकने आधी डॉकबुक एक्सएमएल बनतं मग एक्सएमएलटूओने त्याचं मॅन पेज, प्रत्येक पानासाठी हे सगळं, त्यामुळे गिट स्वतः कंपाइल होऊन जातं आणि डॉक्स मागून रखडत येतात. ॲप्टने ही टूल्स टाकताना रेकमेंडेड पॅकेज बंद करा, नाहीतर नको ते बरंच काही डाउनलोड होतं.

दुसरा, आस्कीडॉक्टर, हे आस्कीडॉकच्या जागी चालणारं रुबी भाषेतलं टूल. यूज आस्कीडॉक्टर हे बिल्डचं ऑप्शन ऑन केलं तरी एक्सएमएलटूओ सुटत नाही हे लक्षात ठेवा. डॉक्समध्ये पॅच पाठवणार असाल तर हे दोन्ही रस्ते सेट करा, पान एकात नीट आणि दुसऱ्यात बिघडलेलं असं होऊ शकतं.

तिसरा मेक क्विक-इन्स्टॉल-मॅन, आणि नुसतं वापरणाऱ्याला मी हाच सांगेन. गिट-मॅनपेजेस नावाची रिपो गिटच्या सोर्सशेजारी क्लोन करायची, त्यात पानं तयारच असतात, वरची टूल्स काहीच नकोत. एकच अडचण, ती पानं मास्टर ब्रँचची, म्हणजे अगदी ताज्या कोडची, असतात, म्हणून जुना टॅग (जुनं रिलीज) बिल्ड केला असेल तर पानं तुमच्या बायनरीच्या पुढची निघतील. तेव्हा मात्र पहिला रस्ता धरा, आणि पूर्ण डॉक न करता फक्त मेक मॅन आणि इन्स्टॉल-मॅन चालवा, एचटीएमएलचा वेळ वाचतो.