मेल्यावर कारण कळलं पाहिजे: मल्टिप्लेयर शूटर गेम्सबद्दल माझं मत

शूटर गेम चांगला का वाईट हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो, मेल्यावर मला कळलं का की मी का मेलो. ग्राफिक्स, स्किन्स, गन्स किती, मॅप केवढा, हे सगळं नंतर. कारण या गेम्समध्ये आपण मरतो खूप, चांगला खेळणारासुद्धा एका मॅचमध्ये दहा पंधरा वेळा मरतो, आणि प्रत्येक वेळी जर समजलं की पळता पळता गोळी मारली, किंवा पावलांचा आवाज केला, किंवा त्याच कोपऱ्यात दुसऱ्यांदा जाऊन बसलो, तर पुढच्या राउंडला काहीतरी वेगळं करता येतं. नाही समजलं तर नुसता वैताग, मग कितीही तास घाला, माणूस तिथल्या तिथेच.

या हिशोबाने माझ्यासाठी काउंटर स्ट्राइक अजूनही एक नंबर. १९९९ मध्ये हाफ लाइफ या गेमचा मॉड (त्यात बदल करून बनवलेला गेम) म्हणून सुरू झालेला, २०२३ च्या सप्टेंबरपासून काउंटर स्ट्राइक २ (सीएस२) म्हणून चालतोय आणि मूळ गाभा तोच आहे, दोन टीम, छोटे राउंड, एक टीम बॉम्ब लावते, दुसरी तो डिफ्यूज म्हणजे निकामी करते. एके ४७ चा स्प्रे (सलग गोळ्यांचा मारा) ठरलेला आहे, ट्रिगर दाबून धरला की गोळ्या आधी वर चढतात मग बाजूला झुकतात आणि दर वेळी जवळपास त्याच वाटेने, म्हणजे माउस उलटा ओढायची सवय हाताला लावता येते. पळताना मारलेली गोळी कुठेही जाते, म्हणून आधी उलट्या दिशेचं बटन दाबून थांबायचं मग मारायचं. हेल्मेट असलं तरी एकेची एक गोळी डोक्यात बसली की समोरचा संपला, एम४ रायफलला मात्र दुसरी गोळी लागते. हे नियम कुणासाठीच बदलत नाहीत, नवीन असो नाहीतर प्रो. बॉम्ब ४० सेकंदांचा, डिफ्यूजला १० सेकंद लागतात, किट असेल तर ५, म्हणजे सात सेकंद उरलेत आणि किट नाही तर हातातली गन वाचव आणि निघ तिथून, पुढच्या राउंडला ती कामाला येईल. असे निर्णय सतत घ्यावे लागतात आणि चुकला तर कुठे चुकला ते लगेच दिसतं, मला या गेममधलं हेच सगळ्यात जास्त आवडतं.

सीएस२ मधला नवीन स्मोक, म्हणजे धुराचा ग्रेनेड, तोही मस्त आहे. तो जागेप्रमाणे पसरतो, दारातून खिडकीतून बाहेर येतो, सगळ्यांना एकसारखा दिसतो, आणि आत ग्रेनेड फोडला की क्षणभर भोक पडून पलीकडचं दिसतं. आधीच्या गेममध्ये काही जागी स्मोक असा पडायचा की एकाला पलीकडचा दिसतोय आणि दुसऱ्याला काहीच नाही, ते आता बऱ्यापैकी गेलं. जे पटलं नाही ते म्हणजे मॅच १६ राउंडऐवजी १३ जिंकले की संपते. मॅच लवकर संपते हे खरं पण पिस्तूल राउंड (सुरुवातीचा, जेव्हा पिस्तुलापुरतेच पैसे असतात) हरला की पुढचे दोन तीन राउंड पैशांच्या चणचणीतच जातात, आणि एकूण राउंडच कमी म्हटल्यावर सावरायला जागा उरत नाही. मला जुनं बरं वाटायचं.

आता सगळ्यांची कॉमन तक्रार, भिंतीमागे गेलो तरी मेलो. यात दर वेळी गेम फसवतो असं नाही. तुमची स्क्रीन, समोरच्याची स्क्रीन आणि सर्व्हर यांच्यात थोडा थोडा वेळ जातो, मग समोरच्याने गोळी मारली तेव्हा त्याला काय दिसत होतं हे सर्व्हर मागे जाऊन तपासतो, आणि त्याच्या स्क्रीनवर तुम्ही अजून उघड्यावरच असता. म्हणूनच कोपऱ्यातून बाहेर येणाऱ्याला, जागा धरून बसलेल्यापेक्षा थोडा फायदा मिळतो. हे एकदा डोक्यात बसलं की खेळायची पद्धतच बदलते, एकाच अँगलला चिकटून बसायचं नाही, गोळी मारली की जागा सोडायची. टिकरेटचं (सर्व्हर सेकंदाला किती वेळा हिशोब करतो त्याचं) भांडणही इथूनच येतं, ६४ टिक म्हणजे सर्व्हर साधारण १५.६ मिलिसेकंदाला एकदा हिशोब करतो आणि १२८ म्हणजे ७.८ ला. सीएस२ मध्ये व्हॉल्वने, म्हणजे गेम बनवणाऱ्या कंपनीने, सबटिक आणलं, म्हणजे दोन टिकच्या मधे नेमक्या कोणत्या क्षणी बटन दाबलं तेही सर्व्हरला कळतं. कागदावर छान आहे, पण हाताला अजूनही सगळीकडे सारखं लागत नाही असं माझं मत, मारलेली गोळी आणि दिसलेली गोळी यात कधीकधी किंचित फरक जाणवतो.

सीएससारख्याच राउंडच्या व्हॅलोरंट या गेमने या बाबतीत सुरुवातीपासूनच जास्त काळजी घेतली, २०२० मध्ये आला तोच १२८ टिकचे सर्व्हर घेऊन. शिवाय जो शत्रू तुम्हाला दिसण्याच्या बेतातही नाही त्याची जागा सर्व्हर तुमच्या कॉम्प्युटरला पाठवतच नाही, त्यामुळे भिंतीपलीकडचं बघणाऱ्या चीटला खायला फार काही मिळत नाही. मेल्यावर कुणी कुठे किती डॅमेज दिला तो रिपोर्ट मिळतो. गन्सचं गणितही स्वच्छ, पूर्ण आर्मर घेतला की १५० जीव, आणि व्हँडल रायफलची डोक्यातली गोळी कुठल्याही अंतरावरून १६०, फँटम ही दुसरी रायफल लांबून कमी पडते. पण अॅबिलिटीज (प्रत्येक पात्राच्या खास शक्ती) एवढ्या झाल्यात की नवीन माणसाचं काही खरं नाही. एजंट, म्हणजे खेळायची पात्रं, पंचवीसच्या वर गेलेत, एकाने आंधळं केलं, दुसऱ्याने हळू केलं, वरून काहीतरी उडत आलं आणि तेवढ्यात मेलो, आता यातलं नक्की काय चुकलं हे समजायला आधी सगळ्यांच्या अॅबिलिटीज पाठ पाहिजेत. ते पाठ होतात, पण तोवरचा काळ कडू जातो.

व्हॅनगार्डवरून, म्हणजे व्हॅलोरंटच्या चीट पकडणाऱ्या सॉफ्टवेअरवरून, लोकांचं भांडण मला दोन्ही बाजूंनी पटतं. कॉम्प्युटर सुरू होतानाच कर्नलमध्ये (सिस्टमच्या अगदी गाभ्यात) जाऊन बसणारं सॉफ्टवेअर एका गेमसाठी ठेवायचं, हे मनाला खटकतंच, आणि ज्याला ठेवायचं नाही त्याने नाही ठेवलं तर त्याचं काही चुकत नाही. तरीही मी ठेवलंय. कारण चीटरमुळे एक मॅच हरणं हे छोटं नुकसान, मोठं नुकसान म्हणजे त्यानंतर प्रत्येक मरणावर संशय येतो. आपलं काही चुकलं का हे बघायच्या ऐवजी समोरचा चीट करतोय म्हणून विषय संपवला जातो आणि शिकणं तिथेच थांबतं.

रेनबो सिक्स सीज २०१५ च्या डिसेंबरला आला तेव्हा २० ऑपरेटर (खेळायची पात्रं) होते, आता सत्तरच्या पुढे आहेत. भिंत फोडता येते, जमीन फोडता येते, आणि आवाज सरळ भिंतीतून न येता दारांमधून, पडलेल्या भोकांमधून वळून येतो, त्यामुळे कान तयार करायलाच महिने जातात. पहिले काही आठवडे छतातून, पायाखालून, कुठूनही मरता. पण इथे किलकॅम (मारणाऱ्याच्या नजरेतून तुमचं मरण दाखवणारा रिप्ले) आहे आणि तो खरंच शिकवतो, अच्छा या फळीमागून पण नेम धरता येतो होय, असं दर वेळी काहीतरी हाताला लागतं. धीर असेल तर याच्याइतका डोकं वापरायला लावणारा शूटर नाही.

टीम फोर्ट्रेस २ चं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. २००७ चा गेम, नऊ क्लास, आणि लांबून नुसती सावली दिसली तरी कळतं की हा हेवी आहे का स्काउट, चालही वेगळी, आवाजही वेगळा. मेल्यावर कॅमेरा थेट मारणाऱ्यावर जाऊन थांबतो. समोर कोण आहे हे एका नजरेत कळणं किती महत्त्वाचं, हे बाकीच्यांनी स्किन विकायच्या नादात सोडून दिलं. कॉल ऑफ ड्यूटीच्या वॉरझोनमध्ये रोझ या पात्राची ती काळी स्किन (पोशाख) आठवा, अंधाऱ्या कोपऱ्यात माणूस दिसायचाच नाही, लोकांनी एवढी ओरड केली की २०२१ मध्ये ती उजळ करावी लागली. दिसण्यावर खेळ अवलंबून आहे आणि न दिसणं विकायला ठेवलंय, हे मला अजिबात मान्य नाही. बाकी कॉल ऑफ ड्यूटीचं गन चालवणं फार सुंदर आहे, अर्धा तास मोकळा असेल तर मजा येते, पण तिथे एवढ्या पटकन मरतो आणि एवढ्या पटकन परत उभे राहतो की विचार करायला वेळच नाही.

बॅटल रॉयलचा, म्हणजे शेवटपर्यंत जिवंत राहील तो जिंकला अशा गेमचा, माझा प्रॉब्लेम वेगळा आहे. पबजीचा एरांगल हा मॅप ८ बाय ८ किलोमीटरचा, शंभर माणसं, वीस मिनिटं लूट करा आणि कुठल्यातरी डोंगरावरून डोक्यात गोळी. रिप्लेमध्ये कळतं कुठून आली, पण ती परिस्थिती परत तशीच येणार नसते, मग शिकलेलं वापरायचं कुठे. सीएसमध्ये तोच दरवाजा पुढच्या दोन मिनिटांत परत समोर येतो. एपेक्स लेजेंड्स त्यातल्या त्यात मला आवडतो कारण माणूस सहसा एका गोळीत मरत नाही, शील्डच्या रंगाचे डॅमेज आकडे दिसतात, लढाई किती जवळ होती ते कळतं. आणि पिंग सिस्टम, २०१९ मध्ये आली तेव्हा थक्कच झालो होतो, एका बटणावर शत्रू इथे, गन इथे, मी तिकडे चाललोय सगळं सांगता येतं. माइकवर शिव्या खायची ज्यांना भीती वाटते, विशेषतः मुली, ज्यांना नुसता आवाज ऐकून त्रास दिला जातो, त्यांना टीममध्ये बोलायची ही हक्काची सोय आहे. प्रत्येक शूटरमध्ये पाहिजे.

नवीन कुणी सुरू करणार असेल तर सीएस२ घ्या, फुकट आहे, रँकच्या मागे लगेच लागू नका, आधी डेथमॅच (मेलात की लगेच परत उभं करणारा सरावाचा मोड) खेळा. आणि मॅच संपली की तिचा डेमो (रेकॉर्डिंग) उघडा, पण आपल्या बाजूने नाही, ज्याने मारलं त्याच्या डोळ्यांनी बघा. आपलं डोकं भिंतीच्या कडेला केवढं बाहेर दिसत होतं, आपण येणार हे त्याला कुठल्या आवाजावरून कळलं, हे सगळं तिथे सापडतं. सीजमध्ये मॅच रिप्ले आहे, व्हॅलोरंटमध्ये ही सोय यायला २०२५ उजाडलं. ज्या गेममध्ये अजून नाही तिथे निदान स्वतःची स्क्रीन रेकॉर्ड करून ठेवा.