बिल्ड टूल: आठ महिने वापरल्यावर, आणि १.० आवृत्तीच्या आधीचं माझं मत

ऐरोलीच्या ऑफिसात आम्ही हे टूल (लिहिलेल्या कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करून देणारं) घेतलं तेव्हा ते ०.७ वर होतं, आता ०.९ आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे थोडी कुरकुर आहे, आणि ते बनवणारे चारच जण, तेही आपापल्या नोकऱ्या सांभाळून.

आधी कौतुक. मेक (make) या जुन्या बिल्ड टूलवर पूर्ण बिल्डला २३ मिनिटं लागायची. खाली टपरीवर चहा पिऊन वर आलं तरी स्क्रीन हलतच असायची. आता ६ मिनिटं. मेक फाइलची फक्त वेळ बघतं, त्यामुळे गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) ब्रँच, म्हणजे कोडची दुसरी शाखा, बदलून परत आलं की मजकूर तोच असूनही बराचसा कोड पुन्हा कंपाइल व्हायचा. हे टूल मजकुराचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, बघतं; मजकूर तोच तर पुन्हा कंपाइल नाही. एवढ्यासाठी मी त्याला बाकी पुष्कळ माफ करतो.

पण शेअर्ड कॅशने (एकाने केलेलं बिल्ड साठवून दुसऱ्याला वापरू देणारी सोय) दोन दिवस खाल्ले. सर्व्हरवर कॅश ठेवली, सेटिंग तपासून तपासून थकलो, तरी एकही हिट नाही, म्हणजे साठवलेलं काहीच वापरलं जाईना. शेवटी कळलं की कॅशच्या कीमध्ये (ज्या खुणेवरून साठवलेलं शोधतात ती) फोल्डरचा अख्खा पाथ, म्हणजे पत्ता, जातो. माझा कोड एका फोल्डरात, ऑफिसातल्या शेजारणीचा दुसऱ्या. कोड अक्षर न् अक्षर सारखा, पण टूलच्या लेखी दोन वेगळे प्रोजेक्ट. आता नव्या मुलाला लॅपटॉप देतानाच सांगतो, फोल्डर अमुकच जागी ठेव बाबा.

आता १.० मध्ये आधी काय करावं यावर टूल बनवणाऱ्यांनी मतं मागवलीत, माणशी पाच. प्रोग्रेस बार आणि रंगीत आउटपुट सगळ्यात वर. कॅशच्या पाथची तक्रार चौदावी, तीन मतं, त्यातलं एक माझं. प्रोग्रेस बार मलाही हवाय, पण तो १.१ मध्ये आला तर कुणाची बिल्ड फाइल मोडणार आहे? सिमँटिक व्हर्जनिंगच्या (आवृत्त्यांना आकडे देण्याची पद्धत) नियमाने ०.x मध्ये काहीही बदलता येतं; १.० नंतर जुन्या बिल्ड फाइल मोडणारा बदल करायचा तर थेट २.० काढावं लागतं. म्हणून जे नंतर बदलताच येणार नाही, ते आधी.

उदाहरणार्थ 'डेप्स', म्हणजे आपल्या कोडला लागणाऱ्या दुसऱ्या लायब्ररींची बिल्ड फाइलमधली यादी. माझ्या लायब्ररीला आतल्या आत लागणारं आणि तिच्या वापरकर्त्यालाही दिसायला हवं असलेलं, दोन्हींना हा एकच शब्द. ग्रेडल या दुसऱ्या बिल्ड टूलमध्ये 'कंपाइल' या शब्दाचं नेमकं हेच दुखणं होतं. २०१७ मध्ये ३.४ आवृत्तीत 'एपीआय' (वापरकर्त्यालाही दिसणारं) आणि 'इम्प्लिमेंटेशन' (आतल्या आत लागणारं) वेगळे केले, पण जुना शब्द निघाला २०२१ मध्ये, ७.० ला. मेकचा टॅब तर अजून आहे: त्याच्या फाइलमध्ये कमांडची ओळ टॅबनेच सुरू करावी लागते, स्पेस चालत नाही. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये मेक लिहिलं. टॅबची चूक लक्षात आली तोवर डझनभर लोक वापरत होते, त्यांना त्रास नको म्हणून राहू दिला. डझनभर!

शेजारीण म्हणते, बार नसेल तर नवीन माणूस टूलकडे बघणारच नाही. त्यात तथ्य आहे. आमचे साहेबही आवृत्तीच्या सुरुवातीचं शून्य गेल्याशिवाय प्रॉडक्शनला (ग्राहकांपर्यंत जाणाऱ्या कोडला) हात लावू देत नाहीत.

सध्या ०.९ वर पिन करून, म्हणजे तीच आवृत्ती पक्की धरून बसलोय. ते कॅशचं एक मत धरून माझी दोन कॅशला, तीन डेप्सला. शेजारणीची पाचही प्रोग्रेस बारला.