वॉरहॅमर थ्री: गेम म्हणतो हरणार, तरी लढायचंच

टोटल वॉर वॉरहॅमर थ्री घेऊन मला बरेच महिने झाले. रिव्ह्यू लिहायला बसायचं, "एक लढाई खेळतो मग लिहितो" म्हणायचं आणि रात्रीचे दोन वाजायचे, असं निदान चार वेळा झालंय. म्हणजे रिव्ह्यू खरं तर इथेच संपला. पण लिहितोच सविस्तर, कारण या गेममध्ये मजा नक्की कशात आहे विचारलं की लोक सांगतात ड्रॅगन आहेत, राक्षस आहेत, स्क्रीनवर एकाच वेळी हजारो सैनिक आहेत. ते सगळं आहेच हो. पण मला विचाराल तर खरी मजा एका पट्टीत आहे.

आधी ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टोटल वॉर ही सिरीज २००० साली शोगुनपासनं सुरू झाली, इंग्लंडची क्रिएटिव्ह असेंब्ली बनवते आणि सेगा बाजारात आणते. सुरुवातीची कितीतरी वर्षं सगळं खऱ्या इतिहासावर, जपान, रोम, मध्ययुगातला युरोप, नेपोलियन वगैरे. मग २०१६ ला त्यांनी वॉरहॅमरचं जग घेतलं, जे मुळात १९८३ पासून लोक टेबलावर छोट्या छोट्या रंगवलेल्या बाहुल्या मांडून खेळायचे. २०१७ ला दुसरा भाग, फेब्रुवारी २०२२ ला तिसरा. नकाशावर पाळीपाळीने चाली, शहरं बांधा, कर गोळा करा, सैन्य उभं करा, आणि दोन सैन्यं समोरासमोर आली की मग खरीखुरी लढाई, जी तुम्ही वरून बघत स्वतः चालवायची. एका सैन्यात जास्तीत जास्त २० युनिट, म्हणजे तुकड्या, त्यातला एक सेनापती. बस, एवढं समजलं की पुढचं समजतं.

आता ती पट्टी. लढाईच्या आधी एक स्क्रीन येतो, इकडे तुमचं सैन्य, तिकडे शत्रूचं, आणि मध्ये दोघांची ताकद दाखवणारी पट्टी. त्यासोबत गेम सरळ सांगून टाकतो की ऑटो रिझॉल्व्ह दाबलंत, म्हणजे स्वतः न लढता निकाल गेमवरच सोडलात, तर काय होईल. जिंकणार असाल तर दाबायचं आणि पुढं जायचं, त्यात काय लाज नाही, प्रत्येक फुटकळ टोळीशी वीस मिनिटं कोण झुंजणार. पण कधीतरी पट्टी जवळजवळ सगळी शत्रूच्या बाजूला सरकलेली असते, खाली लिहिलेलं असतं की दणकून हरणार आहात, आणि तुम्ही तरीही लढाईचं बटण दाबता. हा गेम त्या बटणासाठी घ्यायचा.

कारण काय माहितेय का, ती पट्टी फक्त बळ मोजते. जमीन मोजत नाही, जंगल मोजत नाही, कोणाचा धीर कधी सुटेल हे मोजत नाही. आणि इथे जिंकणं म्हणजे सगळ्यांना मारणं नाहीच आहे. प्रत्येक युनिटला धीर असतो, गेममध्ये लीडरशिप म्हणतात, आणि मेलेली माणसं, दमलेले पाय, बाजूने किंवा पाठीमागून झालेला हल्ला, शेजारची तुकडी पळताना दिसणं, आपला सेनापती पडणं, या सगळ्याने तो खाली जातो. आधी डगमगतात, मग पांढरा झेंडा लुकलुकायला लागतो आणि पळतात. काही थोड्या वेळाने सावरून परत येतात, काही पार मोडतात ते परत येतच नाहीत. शंभरातले साठ जिवंत असताना पळतात हो. ज्याला हे उमगलं त्याचा गेमच बदलतो.

माझी एक लढाई सांगतो. एम्पायर, म्हणजे माणसांचं साम्राज्य, घेऊन खेळत होतो, त्यांचा सम्राट कार्ल फ्रान्झ मुख्य सैन्य घेऊन लांब उत्तरेला, आणि दक्षिणेला माझा एक साधा जनरल दहा युनिट घेऊन शहराकडे परतत होता. चार भालेवाले, तीन क्रॉसबोवाले, एक तोफ, एक घोडदळ आणि तो स्वतः. त्याच्यावर ऑर्कांचं, म्हणजे हिरव्या कातडीच्या दांडगट राक्षसांचं, अठरा युनिटचं सैन्य येऊन आदळलं. पट्टी बघूनच हसू आलं. माघार घेऊन उपयोग नव्हता, चाल संपलेली, पुन्हा गाठलं असतंच. म्हटलं मरायचंच आहे तर निदान दहा-बारा घेऊन मरू.

नकाशा उघडला तर माझ्या बाजूला एक छोटी टेकडी आणि उजवीकडे झाडी. टेकडीच्या उतारावर भालेवाले एका ओळीत, त्यांच्या मागे वरच्या बाजूला क्रॉसबो, कारण त्यांचे बाण कमान घेऊन आपल्या माणसांच्या डोक्यावरून जातात (बंदूकवाल्यांचं तसं नाही, ते सरळ मारतात, पुढे आपलीच माणसं असली तर आपल्याच पाठीत), सगळ्यात वर तोफ. घोडदळ झाडीत लपवलं. आणि मग काहीच केलं नाही. थांबलो. त्यांना टेकडी चढून येऊ दिली, दमू दिलं.

पहिल्यांदा रानडुकरांवर बसलेले ऑर्क आले, आणि सरळ भाल्यांवर आले, त्यांचं जे व्हायचं ते झालं. मग पायदळाची लाट. भालेवाल्यांची एकेक तुकडी १२० ची, डोळ्यांदेखत ९०, ७०, ५५. त्यात त्यांचा म्होरक्या वायव्हर्नवर बसून, म्हणजे ते दोन पायांचं उडणारं ड्रॅगनचं भावंड असतं ना, त्यावर बसून थेट माझ्या ओळीच्या मध्यावर उतरला. ते जनावर बघूनच माणसं घाबरतात, गेममध्ये तसा गुणच आहे त्याला, आणि माझी डावीकडची तुकडी झेंडा दाखवून पळाली. झालं म्हटलं, संपलं.

पॉज केला. पाणी प्यायलो. खरंच.

तोफेला सांगितलं बाकी सगळं सोड आणि फक्त वायव्हर्नवर मार. एवढं मोठं जनावर जमिनीवर उभं राहून लढतंय, तोफेसाठी याच्यापेक्षा सोपं काय. पहिला गोळा आपल्याच माणसांत पडला, माझे दोन भालेवाले उडाले, आणि मी त्यांची माफी मागितली, मोठ्याने, घरात कोणी नव्हतं म्हणून बरं. दुसरा लागला. तिसरा लागला. तेवढ्यात झाडीतलं घोडदळ काढलं आणि लांबून वळसा घालून ऑर्कांच्या तिरंदाजांच्या अंगावर सोडलं, ते एका धडकेत पळाले, मग तसंच वळवून पायदळाच्या पाठीत. इकडे चौथ्या की पाचव्या गोळ्याला म्होरक्या पडला.

आणि मग जे होतं ना, ते बघण्यासाठी मी हा गेम खेळतो. एक झेंडा लुकलुकला. मग शेजारचा. मग तिसरा. मग एकदम सात-आठ. आत्ता आत्तापर्यंत भिंतीसारखी उभी असलेली हिरवी लाट फुटली आणि टेकडीवरून खाली धावत सुटली, आणि माझी पळालेली ती डावीकडची तुकडी सावरून परत आली तेव्हा लढायला समोर कोणी उरलंच नव्हतं. मी खुर्चीतून उठून उभा होतो. कधी उठलो आठवत नाही.

निकालाच्या पाटीवर हिरोइक व्हिक्टरी. इथे विजयाच्याही पायऱ्या आहेत, हिरोइक, डिसाइसिव्ह, क्लोज आणि पिरिक, शेवटचा म्हणजे आपलं गड आला पण सिंह गेला. पिरिक विजय मला कितीतरी मिळालेत आणि त्यांचा पुढच्या दोन चालींत पराभव होतो हे अनुभवाने सांगतो, कारण जिंकलेलं सैन्य लंगडत असतं आणि शेजारी कोणीतरी वाटच बघत असतं.

विजयाची पाटी आली की गेम विचारतो, लढाई संपवू की चालू ठेवू? नवीन लोक आनंदात संपवून टाकतात. संपवू नका! घोडदळ मोकळं सोडा आणि पळणाऱ्यांच्या मागे लावा, कारण जे निसटले तेच नकाशावर परत उभे राहतात, भरती करून पुन्हा येतात. ही पाच मिनिटं कंटाळवाणी असतात, थोडी क्रूरही, पण हीच खरी कमाई.

आता वाटेल की सूत्र सापडलं, धीर मोडा आणि जिंका. तर मग व्हॅम्पायर काउंट्सशी लढून बघा. मेलेली माणसं ती, त्यांना कसली भीती. पळतच नाहीत. पाठीत घोडदळ घातलं तरी उभी, झॉम्बींच्या गर्दीत तुमचे सगळ्यात महागडे सरदार अडकून पडतात आणि तिकडून भलतंच काहीतरी येऊन खातं. त्यांचा धीर संपला की ते पळण्याऐवजी जागच्या जागी ढासळतात, आणि त्यांचा सेनापती पडला की ढासळणं एकदम वाढतं, म्हणजे तिथे सगळा डाव एका माणसावर. बरं त्यांच्याकडे धनुष्यबाण नाहीतच, हे एक नशीब. प्रत्येक वंशाचं असं काहीतरी वेगळं आहे आणि हेच मला या गेमचं सगळ्यात मोठं काम वाटतं. ड्वार्फ्सकडे, म्हणजे बुटक्यांकडे, घोडदळही नाही आणि जादूगारही नाहीत, मग वळसा घालणार कोण? तिथे चिलखतवाले एका जागी रोवायचे आणि मागून बंदुका, हवेतून ती छोटी हेलिकॉप्टरं. स्केव्हन म्हणजे उंदीर, त्यांच्यासारखा हलकट आनंद दुसरा नाही, गुलाम उंदीर पुढे ढकलायचे, शत्रू त्यांना कापत बसतो, आणि मागून मशीनगनी चालवायच्या, मध्ये गुलाम मेले तर मेले, ते पळाले तरी बाकीच्यांच्या धीरावर ढिम्म फरक पडत नाही. वाईट वाटतं का? पहिल्या दिवशी वाटलं थोडं.

जादूबद्दल एवढंच की वापरण्याआधी दिशा बघा. विंड ऑफ डेथ म्हणून एक जांभळं वादळ आहे, सरळ रेषेत जातं आणि त्या रेषेत जे येईल त्याचा भुगा करतं. जे येईल त्याचा, तुमचं असो की त्यांचं. मी एकदा जिंकत आलेली लढाई आपल्याच पायदळाच्या लांबीवर ते सोडून घालवली, आडवं सोडायचं ते उभं सोडलं. गेमचा काही दोष नाही, बाण स्क्रीनवर स्पष्ट दिसत होता, मीच घाईत.

आता कुरकुर. वेढ्याच्या लढाया मैदानातल्या लढायांच्या जवळपासही येत नाहीत. मी सगळ्यात जास्त खेळलो त्या काळात कुठलंही पायदळ तटापाशी जाऊन खिशातनं काढल्यासारखी शिडी काढायचं आणि चढायचं, मग तटाला अर्थ काय राहिला राव. गल्ल्यांमध्ये युनिट अडकतात, वळसा वगैरे विसरा, सगळी नुसती चेंगराचेंगरी. दुसरं म्हणजे कॅम्पेनचा, म्हणजे नकाशावरच्या अख्ख्या मोहिमेचा, उत्तरार्ध, शंभरेक चाली झाल्या की तुम्ही एवढे मोठे झालेले असता की ती पट्टी कायम तुमच्याच बाजूला, आणि मग काय, ऑटो, ऑटो, ऑटो. माझी अर्धी कॅम्पेन तिथेच सोडून दिलेली आहेत, जिंकलोय हे माहीत असूनही. आणि डीएलसीची, म्हणजे वेगळे पैसे देऊन घ्यायच्या जादा भागांची, यादी बघून डोळे पांढरे होतात, सगळं एकदम घ्यायच्या भानगडीत पडूच नका, ज्या वंशाने खेळावंसं वाटेल तेवढाच घ्या, आणि सेलची वाट बघा. डिस्कवर १०० जीबीच्या वर जागा लागते, जुन्या लॅपटॉपवर मोठ्या लढाईत पंखा विमानासारखा ओरडतो, तेव्हा सेटिंगमध्ये युनिटचा आकार कमी करा, सैनिक कमी दिसतात पण लढाई तीच राहते.

नवीन असाल तर तिसऱ्या भागातला प्रोलॉग आधी खेळा, किस्लेव्ह नावाच्या राज्याचा युरी नावाचा राजपुत्र आणि हरवलेला अस्वलदेव, शिकवता शिकवता चांगली गोष्टही सांगतात. त्यानंतर मात्र मुख्य रेल्म ऑफ केऑस कॅम्पेनपेक्षा इम्मॉर्टल एम्पायर्सला जा. रेल्म ऑफ केऑसमध्ये ठरावीक वेळाने त्या केऑसच्या जगात जायचे दरवाजे उघडतात आणि सगळं सोडून तिकडे धावावं लागतं, मला ते नाही झेपलं. इम्मॉर्टल एम्पायर्स म्हणजे तिन्ही भागांचे नकाशे जोडून केलेलं एकच अवाढव्य जग, ऑगस्ट २०२२ ला आलं, तेव्हा तिन्ही गेम लागायचे, २०२३ पासून एकट्या तिसऱ्यावर उघडतं. फक्त पहिल्या दोन भागांतले वंश स्वतः खेळायचे असतील तर ते भाग घ्यावे लागतात, नाहीतर ते नुसते समोर शत्रू म्हणून भेटत राहतात.

आणि हो, लढाई सुरू व्हायच्या आधी आपल्या तिरंदाजांचा स्कर्मिश मोड बघून घ्या. तो चालू राहिला तर शत्रू जवळ आला की ते आपोआप मागे पळतात, आणि तुम्ही दुसरीकडे घोडदळ वळवत असता. ती टेकडीवरची लढाई जिंकायच्या आधी अशाच तीन हरलोय मी.