बेळगावहून स्वस्तातले पुणे: आठ महिन्यांत पाच शनिवार-रविवार केल्यानंतरचा अनुभव

आमच्या भागातला मराठी माणूस पुण्याला जातो तो बहुधा लग्नाला, मुलाखतीला किंवा तिकडे नोकरीस असलेल्या मुलाकडे. निव्वळ पुणे पाहण्यासाठी तो सहसा जात नाही. गेल्या जूनपासून या जानेवारीपर्यंत मी आणि माझी आई मात्र बेळगावातल्या शहापूरहून पाच वेळा एवढ्याच कारणासाठी जाऊन आलो. माणशी अडीच हजार रुपयांत प्रवास, एक मुक्काम, दोन दिवसांचे जेवणखाण आणि एखादे नाटक किंवा मैफल बसवायची, असा बेत होता. पहिल्या खेपेस तो साफ फसला; पुढच्या चार खेपांत तीनदा जमला.

पहिल्या वेळी मोबाइलवर खोलीचे भाडे पाहून मी भुललो. ‘स्टेशनजवळ’ असे लिहिलेली ती जागा प्रत्यक्षात नगर रस्त्यावर इतकी लांब निघाली की दोन दिवसांत रिक्षाला मोजलेले पैसे खोलीच्या भाड्याहून जास्त झाले. शिवाय दुपारी दमल्यावर आईला घटकाभर पडायला खोलीवर नेणेही शक्य नव्हते. तेव्हापासून खोली शनिवार, नारायण किंवा सदाशिव पेठेतच घ्यायची, ती दोनशे रुपयांनी महाग पडली तरी चालेल, असे ठरवले. ह्या पेठांत जुन्या वळणाची लॉज अजून आहेत आणि दोघांना हजार-अकराशेत साधी, स्वच्छ खोली मिळते. मात्र फोनवरच दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. भाडे चोवीस तासांचे आहे की दुपारी बारा ते बारा, हे एक. आणि खोली सोडल्यावर रविवारी रात्रीपर्यंत सामान ठेवू देतील का, हे दुसरे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले तर सामान घेऊन स्टेशनच्या क्लोकरूमपर्यंत जावे लागते आणि तिथे कुलूप लावलेलीच बॅग घेतात. आईची कापडी पिशवी त्या नियमात न बसल्याने मी ती रविवारभर खांद्याला अडकवून हिंडलो, हा सर्वस्वी माझाच गलथानपणा.

जाताना रेल्वेच बरी. गोवा एक्स्प्रेस रात्री बेळगाव सोडते आणि पहाटे पुण्याला पोचते. स्लीपरचे तिकीट तीनशेच्या आत बसते आणि रात्रीच्या जेवणाला घरच्या दशम्या आणि शेंगाचटणी असली की वाटेत काही विकत घ्यावे लागत नाही. मेट्रो सहाला सुरू होईपर्यंत प्रतीक्षालयात बसावे. स्टेशनवरून निघून सिव्हिल कोर्टला गाडी बदलली की कसबा पेठ किंवा मंडईला उतरता येते. शनिवार-रविवारी मेट्रोच्या भाड्यात ३० टक्के सवलत असते. सिव्हिल कोर्टचे भुयारी स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे. तिथले लांबलचक सरकते जिने पाहून आईने पहिल्यांदा माझा हात घट्ट धरला होता, आता ती माझ्यापुढे उभी राहते.

परतीचा प्रवास हा ह्या बेतातला कच्चा दुवा आहे. रविवारी रात्री खासगी स्लीपर बसचे दर अंगावर येतात. सीमेवर राहणाऱ्याला सुचणारी एक युक्ती आम्ही केली: महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना अर्धे तिकीट लागते, म्हणून स्वारगेटहून कोल्हापूर, तिथून निपाणी, आणि निपाणीपासून बेळगावपर्यंत कर्नाटकच्या साध्या बसमध्ये तिथल्या महिलांसाठीच्या शक्ती योजनेचे मोफत तिकीट. आईचा खर्च निम्म्याहून कमी झाला, परंतु दोन ठिकाणी उतरून भर रात्री बसस्थानकांवर ताटकळल्याने तिचे गुडघे चार दिवस धरले. तरुण मुलींनी ही वाट अवश्य वापरावी. आम्ही पुन्हा थेट बसकडे वळलो आणि ज्या एका खेपेस मर्यादा ओलांडली, ती ह्याच तिकिटापायी.

पाहण्याच्या ठिकाणांपैकी राजा दिनकर केळकर संग्रहालयाने सर्वांत जास्त दिले. दिनकर केळकर ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत आणि अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी हा संग्रह उभा केला. राजेरजवाड्यांच्या शस्त्रांपेक्षा दिवे, अडकित्ते, कुंकवाचे करंडे, पोळपाट, कुलपे अशा घरातल्या वस्तूंवर त्यांचा जीव होता. एका कपाटात पाय घासायच्या पितळी वज्र्या आहेत. एकीवर पक्षी, दुसरीवर हत्ती, आणि बुडाला त्या खरखरीत रेघा. आई त्या काचेसमोरून दहा मिनिटे हलली नाही. “असली एक आजीच्या न्हाणीघरात होती. तुझ्या मामानं मोडीत घातली की रे,” एवढेच ती म्हणाली, आणि त्यानंतर प्रत्येक कपाटापाशी काय मोडीत गेले याचा हिशेब सुरू झाला. इथे तिकिटाकडे पाहू नये आणि पूर्ण सकाळ द्यावी. जिने मात्र चढावे लागतात. गुडघेदुखी असलेल्यांनी वरच्या मजल्यापासून सुरुवात करून खाली येणे सोयीचे.

शनिवारवाड्याबद्दल अपेक्षा आधीच बेताच्या ठेवाव्यात. १७३० साली पहिल्या बाजीरावाने पायाभरणी केलेला हा वाडा १८२८ च्या आगीत जळाला. आज तटबंदी, दिल्ली दरवाजा, जोती आणि कारंजी एवढेच उरले आहे. तटावरून फेरी मारली तरच तिकीट वसूल होते. वाड्याचे लाकूडकाम पाहायचे असेल त्याने चालत विश्रामबागवाड्यापाशी जावे. दुसऱ्या बाजीरावाच्या त्या वाड्याचा दर्शनी भाग रस्त्यावर उभे राहूनही पोटभर पाहता येतो. जंगली महाराज रस्त्यावरचे पाताळेश्वर लेणे तर फुकट. राष्ट्रकूटांच्या काळातले, आठव्या शतकातले हे काम अर्धवट राहिले आहे, आणि अंगणातला नंदीचा गोल मंडप पाहिल्यावर बदामी-पट्टदकल पाहिलेल्या आमच्याकडच्या माणसाला ओळखीचे काहीतरी दिसल्यासारखे वाटते. सकाळी आठच्या आत गेलात तर तिथे शांतता मिळते.

आगाखान पॅलेस पेठांच्या वर्तुळाबाहेर, पण मेट्रोच्या मार्गालगत आहे. १९२४ साली गांधीजींनी आमच्या बेळगावातल्या टिळकवाडीत काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवले, हे शाळेपासून ऐकत आलो. त्यानंतर अठरा वर्षांनी ते इथे स्थानबद्ध झाले आणि इथेच महादेवभाई देसाई व कस्तुरबा गेल्या. दोघांच्या समाधी आवारात आहेत. दुपार इथे घालवली की संध्याकाळच्या नाटकाची घाई होते, म्हणून आम्ही हे ठिकाण रविवारी सकाळी घेतले.

संध्याकाळचा एक कार्यक्रम हाच खरा खर्च आणि तो कापू नये. बालगंधर्व रंगमंदिर किंवा भरत नाट्य मंदिर, दोन्ही चालत जाण्याजोगी. बाल्कनीतले तिकीट काढले तरी ऐकू स्वच्छ येते. डिसेंबरात आम्ही सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला शनिवारी गेलो. आपल्या गुरूच्या स्मरणार्थ भीमसेन जोशींनी १९५३ साली सुरू केलेला हा उत्सव. गुरू कुंदगोळचे आणि शिष्य गदगचे, त्यामुळे मांडवात कानावर कानडी पडली की परके वाटत नाही. भारतीय बैठकीचे तिकीट सर्वांत स्वस्त असते, पण जमिनीवर तासन्तास बसायचे तर जाड सतरंजी आणि शाल हवीच. आईला खुर्ची घ्यावी लागली. तिचे तिकीट महाग पडले, ते मी बाहेरच्या जेवणातून वळते केले: शनिवारी दुपारी थाळी, रात्री मांडवाबाहेरचा वडापाव, अध्येमध्ये अमृततुल्यचा चहा. गणेशोत्सवाचे दिवस मात्र टाळावेत. खोल्यांचे भाव वाढलेले आणि रस्ते बंद, अशा वेळी हा हिशेब जुळत नाही.

मार्चच्या दुसऱ्या शनिवारची जागा फोन करून ठरवली आहे. गंज पेठेतला फुले वाडा अजून राहिला आहे. आईने खडेबाजारातून चेन असलेली बॅग आणि दोन लहान कुलपे आणून ठेवली आहेत. किल्ली तिच्याकडेच असते.